मॅरेथॉन ते प्लातिया : ग्रीक-पर्शियन रणभूमींवरून

बुधवार, अथेन्स

अक्रोपोलिस पाहायला येणारे बहुतेक प्रवासी पश्चिमेच्या दरवाजाने टेकडी चढतात आणि थेट पार्थेनॉन गाठतात. मी आणि माझा थोरला भाऊ मात्र सकाळी टेकडीच्या उत्तर अंगाने, प्राचीन अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, बाजूने चालू लागलो, कारण ज्या युद्धाच्या खुणा पाहायला आम्ही आलो होतो त्याची अथेन्समधली सर्वांत मोठी खूण खालूनच नीट दिसते. उत्तरेच्या तटात संगमरवरी स्तंभांचे अजस्र गोल खंड एका ओळीत बसवलेले आहेत. आजच्या पार्थेनॉनच्या जागी त्याआधी एक देऊळ उभे राहत होते. मॅरेथॉनच्या विजयानंतर त्याचे काम सुरू झाले होते आणि इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सीस याच्या सैन्याने अथेन्स जाळले तेव्हा ते अर्धवटच होते. परतलेल्या अथेन्सवासीयांनी त्या देवळाचे स्तंभखंड तटात घातले. दादा निवृत्त स्थापत्य अभियंता असल्यामुळे त्याचे लक्ष दगडांपेक्षा त्यांच्या मांडणीकडे गेले. "दगड मिळेना म्हणून हाताला लागेल ते भरले असते, तर ओळ अशी सरळ आली नसती. हे शहरातून दिसावे म्हणूनच बसवले आहे," असे तो म्हणाला, आणि अभ्यासकांचेही मत साधारण तेच आहे.

या युद्धाचे मूळ ग्रीसच्या मुख्य भूमीत नाही. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीक शहरे पर्शियन साम्राज्यात होती. त्यांनी इ.स.पू. ४९९ मध्ये बंड केले, तेव्हा अथेन्सने २० आणि एरेट्रियाने ५ जहाजे मदतीला पाठवली. बंडखोरांनी सार्डिस हे प्रांताचे मुख्य ठाणे जाळले, पुढे इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस पडले आणि बंड मोडले गेले. झर्क्सीसच्या आधीचा सम्राट दरायस याच्या दृष्टीने त्यानंतरची, मॅरेथॉनला अडलेली स्वारी ही अथेन्स आणि एरेट्रिया यांना घडवायची अद्दल होती. पाठ्यपुस्तकांत हा संघर्ष 'पूर्व विरुद्ध पश्चिम' असा येतो. प्रत्यक्षात पर्शियन आरमाराचा मोठा भाग फिनिशियन, इजिप्शियन आणि खुद्द आयोनियन ग्रीकांचा होता, आणि मुख्य भूमीवरील अनेक ग्रीक नगरराज्ये एक तर तटस्थ राहिली किंवा सम्राटाला जाऊन मिळाली. कोण लढले, कोणाचे नाव कोरले गेले आणि कोणाचे राहून गेले, हा हिशेब मनात ठेवूनच मी पुढची ठिकाणे पाहिली.

दुपारी अक्रोपोलिस संग्रहालयात गेलो. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात तरुणींचे संगमरवरी पुतळे, ज्यांना 'कोरे' म्हणतात, मोकळ्या जागेत उभे केलेले आहेत आणि त्यांच्याभोवती सर्व बाजूंनी फिरता येते. पर्शियनांनी फोडलेले हे पुतळे अथेन्सवासीयांनी टेकडीवरच पुरून टाकले होते आणि १८८० च्या दशकातल्या उत्खननात ते बाहेर आले. जमिनीत राहिल्यामुळे काहींच्या केसांवरचा तांबूस रंग आणि वस्त्रांच्या काठांवरची नक्षी अजून ओळखू येते. त्यांच्यात पंख असलेली एक मूर्ती आहे, तुकडे जुळवून उभी केलेली. मॅरेथॉनच्या लढाईत पडलेला सेनाधिकारी कॅलिमॅकस याच्या नावे ती अर्पण केली होती, असे तिच्या स्तंभावरील लेखावरून दिसते. म्हणजे एका स्वारीतल्या विजयाचे स्मारक दहा वर्षांनी दुसऱ्या स्वारीत फुटले आणि जिंकणाऱ्यांनीच ते मातीत पुरले.

संध्याकाळपूर्वी अगोरामधल्या अटॅलसच्या स्टोआत, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीत, जेथे आता संग्रहालय आहे, मातीच्या भांड्यांचे फुटके तुकडे पाहिले. त्यांवर टोकदार वस्तूने नावे ओरखडलेली आहेत. लोकशाही अथेन्समध्ये एखादा पुढारी डोईजड होतो असे वाटले, तर नागरिक खापरावर त्याचे नाव लिहून त्याला १० वर्षे शहराबाहेर घालवू शकत. इ.स.पू. ४८० चा सलामिसचा आरमारी विजय ज्याच्या डोक्यातून निघाला त्या थेमिस्टोक्लीजचे नाव अशा कितीतरी खापरांवर आहे. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत त्याच्या नावाची १९० खापरे एकत्र सापडली आणि त्यांवरील अक्षर मोजक्याच हातांचे आहे. विरोधकांनी ती आधीच तयार करून वाटण्यासाठी ठेवली असावीत. निवडणुकीच्या चिठ्ठ्या घरोघरी पोचवणारे कार्यकर्ते आपल्याकडेच जन्मले असा माझा समज होता.

गुरुवार, मॅरेथॉन

अथेन्समधल्या आरेओस उद्यानाजवळून नारिंगी रंगाच्या बस मॅरेथॉनकडे जातात. उपनगरे ओलांडायलाच बराच वेळ जातो आणि पेंटेली डोंगराला वळसा घालून बस किनाऱ्याच्या सपाटीवर उतरली, की पॉलिथीनच्या भाजीशेतीत आणि रोपवाटिकांत आपण कधी शिरलो हे कळतही नाही. थडग्याचा थांबा मागून घ्यावा लागतो.

इ.स.पू. ४९० च्या लढाईत मारले गेलेले १९२ अथेन्सवासी ज्या मातीच्या टेकाडाखाली आहेत, ते आज सुमारे ९ मीटर उंच आहे. अथेन्सची रीत अशी होती, की युद्धात पडलेल्यांच्या अस्थी शहरात आणून सार्वजनिक दफनभूमीत ठेवायच्या. मॅरेथॉनच्या वीरांना मात्र जागेवरच ठेवण्याचा मान मिळाला. १८९० च्या सुमारास झालेल्या उत्खननात येथे राखेचा आणि जळालेल्या हाडांचा थर मिळाला, आणि त्याबरोबर तेलाच्या लहान सुरया. टेकाडावर चढू देत नाहीत. सभोवती ऑलिव्हची झाडे आहेत आणि कडेला एका चिलखतधारी योद्ध्याच्या जुन्या शिलापटाची प्रतिकृती आहे. मूळ शिला अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

रणांगण समजून घ्यायचे असेल तर टेकाडाकडे नव्हे, तर त्याच्याकडे पाठ करून पाहावे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि उत्तरेला स्किनियासचा लांबच लांब वाळूचा किनारा. पर्शियन सेनापती डेटिस आणि आर्टाफर्नीस यांनी जहाजे तेथे लावली, कारण किनारा उतरता होता आणि सपाटीवर घोडदळ फिरवता येणार होते. डोंगराच्या तोंडाशी अथेन्सचे सुमारे १० हजार आणि प्लातिया या मित्रनगराचे १ हजार पायदळ रस्ता अडवून बसले. काही दिवस दोघेही हलले नाहीत. नंतर अथेन्सचा सेनापती मिल्टियाडीस याच्या सल्ल्याने ग्रीकांनी रांग शत्रूइतकी लांब पसरवली. माणसे अपुरी पडल्यामुळे मध्य पातळ झाला आणि दोन्ही टोके जाड राहिली. या युद्धाचा इतिहास लिहिणारा ग्रीक हेरोडोटस म्हणतो, की ८ स्टेडिया, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर, ते धावत गेले. सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची ढाल, दोन मीटरहून लांब भाला आणि काशाचे शिरस्त्राण घेऊन एवढे अंतर धावल्यावर लढण्याइतका दम कोणात उरेल, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला वाटते, शेवटचे अंतर, जेथून पर्शियन बाण पोचू लागतात, तेवढे धावले असतील. धनुर्धाऱ्यांसमोर रेंगाळणे हाच मोठा धोका होता. पर्शियनांनी ग्रीकांचा मध्य फोडला, परंतु दोन्ही टोकांनी आत वळून त्यांना कोंडले. हेरोडोटसच्या आकड्याप्रमाणे पर्शियनांचे ६,४०० मेले आणि ७ जहाजे ग्रीकांच्या हाती लागली.

धावण्याची जी गोष्ट जगाला माहीत आहे, ती हेरोडोटसमध्ये नाही. त्याच्याकडचा धावपटू लढाईपूर्वी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला जातो, दोनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर तो दुसऱ्या दिवशी गाठतो, आणि पौर्णिमा होईपर्यंत निघता येणार नाही असे उत्तर त्याला मिळते. विजयाची वार्ता सांगून अथेन्समध्ये कोसळणारा धावपटू कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी रंगवला, आणि १८९६ च्या ऑलिम्पिकमध्ये येथून अथेन्सपर्यंतची शर्यत ठेवण्यात आली ती त्याच गोष्टीवरून. खरी धावपळ सगळ्या सैन्यालाच पडली. पर्शियन आरमार सूनियनच्या भूशिराला वळसा घालून मोकळ्या अथेन्सवर जाईल हे ओळखून ते थकलेले लोक त्याच पावली शहराकडे परतले आणि जहाजांच्या आधी पोचले. स्पार्टाचे २ हजार सैनिक लढाई संपल्यावर आले. त्यांनी पर्शियनांचे मृतदेह पाहण्याची इच्छा व्यक्त केली, ते पाहिले, अथेन्सची वाखाणणी केली आणि परत गेले. सबंध युद्धात याहून कोरडा प्रसंग नाही.

संग्रहालय तेथून काही अंतरावर व्राना गावाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. उन्हातून चालत जाणे आम्हाला परवडले, पण वयस्क मंडळींनी टॅक्सीच करावी. विजयस्तंभाचे अवशेष आत ठेवले आहेत: आयोनियन शैलीचे स्तंभशीर्ष आणि खोडाचे काही खंड. जवळच एक दुसरे, लहान टेकाड आहे, जे प्लातियावासीयांचे म्हणून दाखवले जाते. ते खरोखर त्यांचेच का, यावर मतभेद आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात येथे येऊन गेलेला प्रवासी पॉसेनियस सांगतो, की प्लातियाच्या वीरांबरोबर येथे लढलेल्या गुलामांनाही पुरले होते, कारण गुलाम लढाईत उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. १९२ जणांची नावे त्यांच्या कुळांप्रमाणे कोरून लावली होती. गुलामांची संख्यासुद्धा कोणी लिहून ठेवली नाही.

शुक्रवार, फालिरो आणि सलामिस

सकाळी फालिरोच्या धक्क्यावर 'ऑलिंपियास' पाहिले. तीन मजली वल्ह्यांच्या प्राचीन युद्धनौकेची, म्हणजे ट्रायरीमची, ही पूर्ण आकाराची प्रतिकृती १९८७ मध्ये ग्रीक नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ३७ मीटर. त्यामानाने रुंदी इतकी कमी, की ही सुरी पाण्यात उभी राहते कशी असे वाटावे. वल्हेकरी १७०: वरच्या रांगेत ६२, मधल्या आणि खालच्या रांगेत प्रत्येकी ५४. नाकाशी पाण्याच्या पातळीवर काशाची धडक-चोच. दादा कठड्याशी वाकून खालच्या रांगेची भोके बराच वेळ पाहत होता. ती पाण्यापासून हातभर उंचीवर आहेत आणि तेथे बसणाऱ्याला डोळ्यांसमोर पुढच्या माणसाची पाठ आणि डोक्यापाशी वरच्याचे पाय, याखेरीज काही दिसणे शक्य नाही. "लढाई जिंकली की हरली, हे याला आवाजावरूनच कळणार," तो म्हणाला.

हे वल्हेकरी अथेन्सच्या सर्वांत गरीब वर्गातले नागरिक होते, ज्यांना स्वतःच्या पैशाने चिलखत घेता येत नसे. लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला, तेव्हा ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असा विचार पुढे आला होता. थेमिस्टोक्लीजने ती जहाजांवर खर्च करायला लावली आणि इ.स.पू. ४८० पर्यंत अथेन्सकडे सुमारे २०० ट्रायरीम तयार झाल्या. ती चांदी खाणीतून काढणारे हात गुलामांचे होते, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे.

दुपारी पेरामाहून बोटीने सलामिसला गेलो. बोट मोटारी भरून सतत ये-जा करते आणि समोरच्या पालुकियाला पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. ज्या पाण्यासाठी युरोपच्या इतिहासात एवढी शाई खर्च झाली, ते कॉफीचा पेला संपायच्या आत ओलांडून होते. येथे निसर्गसौंदर्य शोधू नये. पेरामाकडे जहाजदुरुस्तीचे कारखाने, समोर नौदलाचा तळ, जेथे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि मधल्या प्सितालिया बेटावर अथेन्सच्या सांडपाण्याचे शुद्धीकरण केंद्र. त्याच बेटावर झर्क्सीसने निवडक पर्शियन पायदळ उतरवले होते आणि अथेन्सचा पुढारी अरिस्टायडीस याच्या माणसांनी ते कापून काढले.

डेल्फीच्या देववाणीने सांगितले होते, की लाकडी भिंत तेवढी अभेद्य राहील. काही लोक अक्रोपोलिसभोवती लाकडी कुंपण घालून बसले आणि मारले गेले. बाकीचे थेमिस्टोक्लीजचा अर्थ मानून जहाजांत चढले. बायकामुले सलामिस, इजायना आणि ट्रोझेन येथे हलवली गेली. शहर जळाल्यावर पेलोपोनीजचे, म्हणजे स्पार्टाकडच्या दक्षिण ग्रीसचे, पुढारी कॉरिंथच्या संयोगभूमीकडे माघार घ्यायच्या बेतात होते. तेव्हा थेमिस्टोक्लीजने आपला विश्वासू सेवक सिकिनस याला पर्शियनांकडे पाठवून 'ग्रीक पळून जाण्याच्या तयारीत आहेत' असा निरोप दिला. पर्शियन आरमाराने रातोरात दोन्ही बाजूंची तोंडे अडवली, ग्रीकांना निघून जाण्याचा मार्ग उरला नाही आणि ज्या अरुंद पाण्यात थेमिस्टोक्लीजला लढायचे होते तेथेच लढाई झाली.

पालुकियाहून टॅक्सीने किनोसूरा या लांबट भूशिरावर गेलो. तेथे लढाईत पडलेल्यांचे म्हणून ओळखले जाणारे टेकाड आणि त्यावर २००६ मध्ये उभारलेले योद्ध्यांचे काशाचे शिल्प आहे. येथून सामुद्रधुनी एका नजरेत मावते. पलीकडे एगालिओ डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी आसन मांडून झर्क्सीस लढाई पाहत होता. रात्रभर वल्ही मारून दमलेली पर्शियन जहाजे सकाळी चिंचोळ्या भागात शिरली, पुढची अडली, मागची आपली कामगिरी सम्राटाच्या नजरेस पडावी म्हणून पुढे रेटत राहिली आणि गर्दीत आपल्याच जहाजांची वल्ही मोडू लागली. हेरोडोटसच्या मते ग्रीकांकडे ३८० च्या आसपास जहाजे होती, त्यांत १८० अथेन्सची. सम्राटाच्या बाजूने हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया स्वतः जहाज घेऊन आली होती. समुद्रावर लढू नका, असा सल्ला देणारी ती एकटीच. पाठलागातून सुटण्यासाठी तिने आपल्याच बाजूच्या एका जहाजाला धडक देऊन ते बुडवले. दूरून पाहणाऱ्या झर्क्सीसला वाटले, की तिने शत्रूचे जहाज बुडवले, आणि आपले पुरुष बायका झाले व बायका पुरुष, असे उद्गार त्याने काढल्याचे हेरोडोटस लिहितो. हा हेरोडोटस हॅलिकार्नाससचाच, त्यामुळे ही हकीकत त्याने रंगवून सांगितली असणार, असे मला तरी वाटते.

नाटककार एस्किलस या लढाईत होता असे मानतात. आठ वर्षांनी त्याने तिच्यावर नाटक रचले आणि ते पर्शियाच्या राजधानीत, पराभवाची वार्ता ऐकणाऱ्या राजमातेच्या घरी घडते असे दाखवले.

शनिवार, थर्मोपिली

भाड्याची मोटार घेऊन उत्तरेला निघालो. लामियाच्या थोडे अलीकडे महामार्ग सोडला, की जुन्या रस्त्याच्या कडेला स्पार्टाचा राजा लिओनिडास याचा काशाचा पुतळा लागतो. सलामिसच्या आधी, त्याच वर्षी, त्याने झर्क्सीसचे सैन्य येथल्या खिंडीत अडवले होते. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीकांच्या वर्गणीतून तो उभारला. तेथे उभे राहून 'खिंड' शोधणारा प्रवासी हमखास गोंधळतो, कारण एका बाजूला डोंगर असला तरी दुसऱ्या बाजूला समुद्र नाही. शेते आणि दलदल आहे आणि समुद्र काही किलोमीटर दूर गेला आहे. स्पर्चियोस नदीने अडीच हजार वर्षे आणलेल्या गाळाने आखात मागे सारले. दादाने मोटारीच्या टपावर नकाशा पसरला आणि जुनी किनाररेषा पेन्सिलीने काढून दाखवली. ती जवळजवळ आम्ही उभे होतो त्या रस्त्यालगतच येत होती. डोंगर आणि पाणी यांच्यातल्या त्या पट्ट्यात फोकिसच्या लोकांनी पूर्वी बांधलेली एक भिंत होती आणि ग्रीकांनी ती डागडुजी करून वापरली. गरम पाण्याचे झरे, ज्यांच्यावरून जागेला नाव पडले, अजून वाहतात. गंधकाचा वास मोटारीचे दार उघडताच येतो आणि खालच्या ओढ्यात लोक डुंबत बसलेले असतात.

रस्ता ओलांडून कोलोनोस टेकडीवर गेलो. शेवटच्या दिवशी वेढले गेलेले ग्रीक येथे मागे हटले आणि बाणांनी मारले गेले. १९३९ मध्ये पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनाटोस यांना येथे मोठ्या संख्येने बाणांची टोके मिळाली आणि टेकडीची ओळख पटली. माथ्यावर कवी सिमोनिडीसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दोन ओळी दगडावर कोरल्या आहेत: स्पार्टाला जाऊन सांगा, की त्यांची आज्ञा पाळून आम्ही येथे पडलो आहोत.

त्या ओळींत फक्त स्पार्टा आहे. वस्तुस्थिती अशी, की खिंड अडवायला आरंभी ७ हजारांच्या आसपास ग्रीक होते. दोन दिवस समोरचे हल्ले परतवले गेले; तिसऱ्या पहाटे एफियाल्टीस या स्थानिक माणसाने दाखवलेल्या डोंगरवाटेने पर्शियन सेनापती हायडार्नीसची तुकडी मागून उतरली. त्या वाटेवर पहाऱ्याला ठेवलेले फोकिसचे हजार जण ओकच्या वाळलेल्या पानांच्या आवाजाने जागे झाले, ते शत्रू अगदी जवळ आल्यावर. लिओनिडासने बहुतेक सैन्य परत पाठवले. ३०० स्पार्टन राहिले, थीब्जचे ४०० राहिले आणि थेस्पिया या लहान गावाचे ७०० जण आपण होऊन राहिले. स्पार्टाची लोकसंख्या आणि थेस्पियाची लोकसंख्या यांचा विचार केला, तर कोणी जास्त गमावले हे सांगायला नको. काही आठवड्यांनी पर्शियनांनी थेस्पिया जाळलेही. त्यांचे स्मारक १९९७ मध्ये, लिओनिडासच्या पुतळ्याशेजारी, उभे राहिले. पंख असलेली, मस्तक नसलेली काशाची आकृती आहे आणि तिचा एक पंख तुटका आहे. ते पाहायला फारसे कोणी थांबत नव्हते.

मृतांत आणखी एक गट होता. लढाईनंतर झर्क्सीसने आपल्या खलाशांना रणांगण पाहायला बोलावले, तेव्हा त्यांना सगळी प्रेते स्पार्टा आणि थेस्पियाची वाटली. त्यांत हेलटही होते, असे हेरोडोटस जाता जाता लिहितो. हेलट म्हणजे स्पार्टाची शेती कसणारे बंदिस्त कूळ, ज्यांच्याविरुद्ध स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी रीतसर युद्ध पुकारीत, म्हणजे त्यांना मारण्याचे पाप लागू नये. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या तीनशे जणांची गोष्ट सांगताना हे कलम वगळण्याची पद्धत आहे.

मराठी माणसाला येथे पावनखिंड आठवते आणि दोन्हींची तुलना आपल्याकडे जुनीच आहे. मला ती पूर्ण पटत नाही. १६६० मध्ये बाजीप्रभूंनी खिंड धरली ती राजे विशाळगडावर पोचेपर्यंत, आणि तेवढे साधले. थर्मोपिली तीन दिवसांत पडली आणि अथेन्सचा रस्ता मोकळा झाला.

रविवार, डेल्फी आणि प्लातिया

ब्रालोसचा घाट आणि अम्फिसा असे करत आम्ही रात्री डेल्फीला मुक्कामास आलो होतो. सकाळी दरवाजा उघडताच आत गेलो. पवित्र मार्गाच्या वळणावर अथेन्सचे संगमरवरी कोषगृह आहे. पॉसेनियस प्रवासी ते मॅरेथॉनच्या लुटीतून बांधल्याचे सांगतो. आणखी वर, मंदिराच्या चौथऱ्यासमोर, एकमेकांत गुंफलेल्या तीन सर्पांच्या काशाच्या स्तंभाची जागा आहे. प्लातियाच्या विजयानंतर ग्रीकांनी तो अर्पण केला. मूळ स्तंभ सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला आणि तो आज इस्तंबूलच्या जुन्या शर्यतीच्या मैदानात, मस्तके नसलेल्या अवस्थेत, उभा आहे. डेल्फीत २०१५ पासून प्रतिकृती आहे. स्तंभाच्या वेटोळ्यांवर, युद्ध लढलेल्या म्हणून, ३१ नगरराज्यांची नावे होती. शेकडो नगरराज्यांच्या ग्रीसमधून एकतीस. विजयी सेनापतीने, ज्याचेही नाव पॉसेनियसच होते, आरंभी स्मारकावर स्वतःच्या कौतुकाच्या दोन ओळी कोरून घेतल्या होत्या; स्पार्टाने त्या खोडून तेथे नगरांची नावे घातली. या यादीत टेनोस बेटाचे नाव आहे, कारण सलामिसच्या आदल्या रात्री त्यांचे एक जहाज पर्शियनांकडून फुटून ग्रीकांना मिळाले आणि सामुद्रधुनी वेढल्याची पक्की खबर त्यानेच आणली.

दुपारी थीब्जच्या दिशेने निघून प्लातिया गाठले. किथेरॉन डोंगराच्या उत्तर पायथ्याशी गव्हाची शेते, त्यांत जुन्या नगरतटाचे खालचे थर, आणि दूर सखलात असोपस नदी. तिकीट नाही, पहारेकरी नाही, सावलीही जवळजवळ नाही. युद्धाचा निर्णय करणारी ही सर्वांत मोठी लढाई होती आणि येथे आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते.

स्वारीपूर्वी मार्डोनियस या पर्शियन सेनापतीने झर्क्सीसला सांगितले होते, की ग्रीक मूर्खासारखे लढतात. सर्वांत सपाट जागा शोधतात आणि जिंकणाऱ्यांचेही मोठे नुकसान होते. झर्क्सीस परत गेल्यावर, इ.स.पू. ४७९ मध्ये, तोच मार्डोनियस असोपसच्या काठी तळ देऊन, ग्रीकांनी डोंगर सोडून सपाटीवर यावे म्हणून दिवसचे दिवस थांबला. त्याच्या घोडदळाने ग्रीकांच्या रसदीच्या गाड्या पकडल्या आणि त्यांचा पाण्याचा झरा निकामी केला. पॉसेनियसने रात्री सैन्य मागे घ्यायला काढले, तुकड्या विखुरल्या, एक स्पार्टन अधिकारी माघार घेणार नाही म्हणून हटून बसला आणि उजाडताना ग्रीकांची फळी तुटलेली पाहून मार्डोनियसने नदी ओलांडली. डोंगराच्या बाजूने पाहिले की त्याचे काय चुकले हे दिसते: जमीन सपाट वाटते, पण ती किथेरॉनच्या ओहोळांनी चिरलेली आहे, घोडदळाला तेथे फैलावता येत नाही, आणि समोर ज्यांना तो पळपुटे समजला ते स्पार्टाचे जड पायदळ होते. वेताच्या ढालींची भिंत उभी करून पर्शियनांनी बाण सोडले; ती भिंत मोडल्यावर त्यांनी ग्रीकांचे भाले हातांनी धरून तोडले. शौर्यात ते कमी नव्हते, त्यांच्या अंगावर चिलखत नव्हते, असे हेरोडोटस सांगतो. मार्डोनियस पडला आणि लढाई संपली.

मार्डोनियसच्या फळीत भारतीय उभे होते. साम्राज्याच्या पूर्व टोकाकडच्या सिंधूकाठच्या प्रदेशातून आलेले हे सैनिक सुती वस्त्रे नेसत, आणि त्यांची धनुष्ये व बाण वेताचे, बाणांची टोके लोखंडाची होती. मार्डोनियसने मागे ठेवून घेतलेल्या निवडक सैन्यात त्यांचा समावेश होता आणि प्लातियात ते एरेट्रिया व कॅल्किसच्या लोकांसमोर होते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोठे नाही. स्पार्टाच्या ५ हजार नागरिक-सैनिकांबरोबर आलेल्या ३५ हजार हेलटांचीही तीच गत.

लढाईनंतर पॉसेनियसने मार्डोनियसच्या आचाऱ्यांना नेहमीचे जेवण रांधायला लावले, शेजारी स्पार्टाचे साधे जेवण मांडले आणि एवढे सगळे असताना आमची गरिबी लुटायला आलेल्या माणसाला काय म्हणावे, असे सेनाधिकाऱ्यांना विचारले. प्लातियाला तेव्हा अभय मिळाले: या भूमीवर कोणी अन्यायाने चढाई करणार नाही, केल्यास सर्व मित्रराज्ये तिचे रक्षण करतील. इ.स.पू. ४२७ मध्ये स्पार्टानेच थीब्जच्या आग्रहाखातर हे नगर घेतले. प्रत्येक कैद्याला एकच प्रश्न विचारला गेला: या युद्धात तू स्पार्टासाठी काय केलेस? किमान दोनशे प्लातियावासीयांना मारण्यात आले आणि नगर पाडले गेले. पर्शियनांविरुद्धचे युद्ध संपून तेव्हा जेमतेम अर्धशतक झाले होते.

परतताना किथेरॉनचा घाट चढण्यापूर्वी मोटार थांबवून मागे थीब्जचा मुलूख पाहिला. थीब्जने या युद्धात सम्राटाची बाजू घेतली होती. इ.स.पू. ३३५ मध्ये थीब्जने अलेक्झांडरविरुद्ध बंड केले, तेव्हा शहराचे काय करायचे हे त्याने आपल्या ग्रीक मित्रराज्यांवर सोपवले. त्यांनी जे आरोप ठेवले त्यांत दीडशे वर्षांपूर्वी पर्शियनांना मिळाल्याचा आरोप होता, आणि शहर जमीनदोस्त करावे असे मत देणाऱ्यांत प्लातियाचे लोक होते.